डोंगरावरची ती खोली, आणि मी टाकलेली पिन

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडचं तिकडचं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

 

आज जरा वेगळा विषय. टेक नाही, करिअर नाही. आज डोंगरावर राहायला जायचंय. म्हणजे हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. कुणाच्या तरी घरातली एक खोली, रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. ज्याला आपण होमस्टे म्हणतो, किंवा बेड अँड ब्रेकफास्ट. आणि हो, आजच्या भागात मी एक चूक कबूल करणार आहे. ती शेवटी सांगितली असती तर तुम्ही शेवटपर्यंत थांबला असता, पण मला तेवढा धीर नाही. (हसतो)

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी परतवाड्याचा. अमरावतीहून साधारण पन्नास किलोमीटर उत्तरेला या, जिथे वऱ्हाडचं सपाट रान संपतं आणि समोर सातपुड्याची भिंत उभी राहते, तिथे आमचं गाव. अचलपूर आणि परतवाडा, जुळी भावंडं. आमच्या गच्चीवरून डोंगर दिसतो. त्याच डोंगरावर चिखलदरा. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हटलं की पहिलं नाव तेच येतं.

आता गंमत ऐका. जन्म इथला, बारावीपर्यंत शाळा इथली, चिखलदऱ्याला मी किमान तीस वेळा गेलो असेन. पण वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत एकही रात्र डोंगरावर काढली नव्हती. एकही नाही. आमची पद्धत ठरलेली. पावसाळ्यात सकाळी निघायचं, भीमकुंड पाहायचं, पंचबोल पॉइंटवर जाऊन जोरात ओरडायचं आणि आपलाच आवाज परत ऐकायचा, भाजलेलं कणीस खायचं, रबडी खायची आणि अंधार पडायच्या आत खाली. मुक्कामाला कशाला पैसे घालायचे, घर तर इथं पायथ्याशी आहे!

मग पुण्यात नोकरी लागली. नोकरी अशी की महिन्यातले दोन आठवडे ऑन-कॉल. रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की फोन वाजतो आणि तुम्ही उठता. दीड वर्ष झालं आणि मला फोन न वाजताही तीन वाजता जाग यायला लागली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात घरी आलो होतो तेव्हा आईनं एकदा पाहिलं, मी अंधारात लॅपटॉप न उघडता नुसता समोर ठेवून बसलोय. ती काही बोलली नाही. सकाळी बाबांना बोलली असावी.

बाबांच्या ओळखीचं मिठाईचं दुकान आहे गावात. तिथे वरून, डोंगरावरून, खवा येतो. चिखलदऱ्याच्या पठारावर गवळ्यांची गावं आहेत. म्हशी पाळायच्या, दूध आटवायचं, खवा खाली पाठवायचा, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. तर त्या खवा आणणाऱ्या काकांना बाबांनी विचारलं, पोराला चार दिवस ठेवता का? काका म्हणाले, "ठेवतो ना. मायची खोली हाये. येऊ द्या पोट्ट्याले."

असा मी माझ्या पहिल्या होमस्टेला पोचलो. बुकिंग नाही, रेटिंग नाही, खव्याच्या ओळखीवर. (हसतो)

गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

परतवाड्यातून वर जायला दोन वाटा. एक घटांगवरून, दुसरी धामणगाव गढीवरून. मी गढीच्या वाटेनं बाईकवर गेलो. परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत, चिखलदरा साधारण अकराशेवर. म्हणजे तासाभरात सातशे मीटर वर. दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबानं साडेचार-पाच अंशांचा फरक. पण हा हिशेब अंगाला कळतो तो वळणावळणावर. एका वळणाला स्वेटरची चेन लावली, दुसऱ्याला कानटोपी, तिसऱ्याला वाटलं हातमोजे आणायला हवे होते.

मुख्य रस्ता सोडून चार किलोमीटर आत, कच्च्या वाटेनं. मोजून वीस-बावीस घरं. फोनला नेटवर्क शून्य. गावामागं एक टेकाड आहे, त्यावरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर दोन काड्या येतात. गावातली पोरं त्या झाडालाच टॉवर म्हणतात.

खोली साधी. शेणानं सारवलेली जमीन, मातीच्या जाड भिंती, वर कौलं, एक खाट, दोन घोंगड्या. आजीची खोली. आजी म्हणजे काकांची माय. माझ्यासाठी ती चुलीजवळ झोपायला गेली. मी म्हटलं, आजी, मी बाहेर झोपतो ना. तर म्हणाली, "बाहेर अस्वल येते, बावा. तुले खाऊन घेईन तं तुह्या मायले का सांगू?"

पहिल्या रात्री मी साडेआठला झोपलो. पलीकडे गोठा होता. म्हशींचा रवंथ, मधूनच साखळीचा आवाज. तीन वाजता जाग आली, सवयीप्रमाणे. पण काही करायचंच नव्हतं. फोन विटेसारखा पडलेला. दार उघडलं, बाहेर चांदण्यांनी भरलेलं आभाळ, आणि थंडी अशी की दात वाजले. परत आलो, घोंगडी ओढली. तिसऱ्या रात्री तीनला जाग आलीच नाही.

आणि न्याहारी! काकू पहाटे चारला उठायच्या. दूध काढून झालं की मोठ्या कढईत आटवायला ठेवायचं. त्या कढईशेजारी मला पाट. ज्वारीची गरम भाकर, वर ताजं लोणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि चहा, ज्याच्यात पाणी नावालाच. कधी कढईच्या काठाला चिकटलेली खरवड उलथन्यानं खरवडून भाकरीवर टाकायच्या. आपापसात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, माझ्याशी वऱ्हाडीत. मी ऐकत बसायचो. कुणी मला काही विचारत नव्हतं. पॅकेज किती, लग्न कधी, काहीच नाही. "भाकर घे अजून," एवढंच.

निघताना पैसे द्यायला गेलो तर काका घेईनात. शेवटी बळेच चार दिवसांचे चार हजार आजीच्या उशीखाली ठेवले.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. आता माझी चूक.

घरी आलो आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. डोक्यात एकच, एवढी भारी जागा आणि कुणाला माहीत नाही! काकांची मुलगी अमरावतीला नर्सिंगला होती. फी, होस्टेल, सगळं खव्यावर. मी विचार केला, ही खोली म्हणजे चालू न केलेलं उत्पन्न आहे.

तुम्हाला एअरबीएनबीची गोष्ट माहीत असेल. 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांना घरभाडं जड जात होतं. शहरात डिझाइनची मोठी परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी घरात हवा भरायच्या गाद्या टाकल्या, सकाळी न्याहारी दिली, तीन पाहुणे आले. एअर बेड अँड ब्रेकफास्ट, त्यावरून ते नाव. पुढच्या वर्षी एक इंजिनिअर मित्र सोबत आला आणि साइट उभी राहिली. आम्ही इंजिनिअर लोक ही गोष्ट रामायणासारखी ऐकत मोठे झालोय. मला वाटलं, बस, मीच तो तिसरा मित्र!

काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुले समजते तं कर बावा." जानेवारीत मी मॅपवर पिन टाकली. फोटो टाकले. एका बुकिंग साइटवर नाव चढवलं. चांदण्यांचा एक फोटो होता, तो जाम चालला. बुकिंगचे मेसेज मी पुण्यात बसून पाहायचो आणि काका संध्याकाळी टेकाडावर चढले की त्यांना फोन करायचो.

फेब्रुवारीपासून गर्दी सुरू. अमरावती, अकोला, नागपूर. शनिवार-रविवार एक दिवस मोकळा नाही. दुसरी खोली तयार केली. मग अंगणात दोन तंबू. पैसा खरंच आला. मुलीची एका वर्षाची फी एकरकमी भरली गेली. काकूंनी गोठ्यावर नवे पत्रे घातले. मी मित्रांना सांगत फिरायचो, बघा, टेक्नॉलॉजीनं काय होतं!

मार्चमध्ये एकानं तीन स्टार दिले. लिहिलं, जागा सुंदर, पण शॉवर नाही. मी काकांना फोन केला, शॉवर लावून घ्या. हजार लिटरची काळी टाकी घ्या, विहिरीवर मोटर बसवा. त्यांनी ऐकलं. माझं सगळं ऐकायचे ते.

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला घरी आलो. बाबा सहज म्हणाले, "अरे, तुझ्या त्या काकांचा खवा बंद झाला. पंधरा दिवस झाले."

मी दुसऱ्या दिवशी बाईक काढली.

वर पोचलो तर गोठ्यात सातऐवजी पाचच म्हशी. अंगणात नऊ पाहुणे, स्पीकर चालू, एक जण पाइप लावून गाडी धूत होता. आणि विहिरीवर काकू एकट्या बसल्या होत्या. मी आत वाकून पाहिलं. तळ दिसत होता. चिखलात अडकलेली मोटर.

आता जरा भूगोल, कारण हे समजल्याशिवाय माझी चूक कळणार नाही. या डोंगरावर पाऊस खाली परतवाड्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. मग पाणी का टिकत नाही? कारण खाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक. या दगडात पाणी मुरतं ते फटींतून आणि झिजलेल्या वरच्या थरातून, तेवढंच साठतं. बाकीचं उतारावरून धावत सुटतं. मेळघाटातली सिपना ते पाणी तापीला नेते. आमच्या अचलपूर-परतवाड्याच्या सापन आणि बिच्छन नद्या याच डोंगरातून खाली येतात. म्हणजे पाऊस पडतो त्यांच्या डोक्यावर आणि पाणी येतं आमच्याकडे. वर मात्र एप्रिल-मेमध्ये चिखलदरा तालुक्यातल्या कितीतरी गावांना टँकर लागतो. टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो आणि बाया गुंड, कळश्या घेऊन काठावर दाटीवाटीनं उभ्या राहतात. हे दर उन्हाळ्यात पेपरात येतं. मी ते फोटो लहानपणापासून पाहत आलोय. पण पिन टाकताना ते आठवले नाहीत.

काकांची विहीर त्यांच्या मालकीची. पण उन्हाळ्यात शेजारची चार घरं तिथूनच पाणी न्यायची. ठराव नाही, कागद नाही. असंच चालत आलेलं. ती विहीर रडतखडत का होईना, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरायची. त्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच आटली.

त्या रात्री मी हिशेब मांडला. जो जानेवारीत मांडायला हवा होता. बादलीनं आंघोळ म्हणजे वीस लिटर. शॉवरखाली सहा-सात मिनिटं म्हणजे साठ. नऊ माणसं, आंघोळ, संडासचा फ्लश, धुणीभांडी, झाली हजार लिटरची टाकी रिकामी. एका दिवसात. एक दुभती म्हैस उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर पाणी पिते. सात म्हशींचे साडेचारशे धरा. म्हणजे पाहुण्यांचा एक दिवस बरोबर म्हशींचे दोन दिवस.

म्हणून दोन म्हशी विकल्या. त्याही उन्हाळ्यात, पडत्या भावानं. शेजारच्या बायांनी पाण्याला येणं बंद केलं. भांडण नाही झालं, बरं का. भांडण झालं असतं तर बरं होतं. त्या नुसत्या यायच्या थांबल्या, आणि टँकरच्या विहिरीवर जायला लागल्या, दीड किलोमीटर.

मी काकूंना म्हटलं, पण विहीर तर तुमचीच आहे ना?

त्या म्हणाल्या, "विहीर आमची हाये. पानी का आमचं हाये?"

(थांबतो)

मला याच्यावर काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

ऑफिसात आम्ही नवीन काही लाँच करायच्या आधी लोड टेस्टिंग करतो. किती युजर आले तर सिस्टीम बसेल, ते आधी पाहतो. मी पाहिलं नाही, कारण मला ते घर सिस्टीम वाटलंच नव्हतं. मला ती फक्त खोली दिसली. खोलीमागं विहीर होती, विहिरीमागं चार घरं होती, गोठा होता, खव्याची कढई होती.

याच डोंगरावर गाविलगड आहे. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. आमच्या बाजूनं, दक्षिणेकडून, तो किल्ला चढणं अवघड. म्हणून इंग्रजांनी डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेला नेल्या, जिथे किल्ला पठाराला जोडलेला आहे. तोफा पोचल्या आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. लहानपणी वाटायचं की किल्ला तोफांनी पडला. आता वाटतं, तो वाटेनं पडला. मी पिन टाकली तेव्हा मीही एक वाटच काढली होती. हेतू चांगला होता, एवढाच काय तो फरक.

मी काकूंना म्हटलं, आजच सगळं बंद करतो. पिन, साइट, सगळं.

तर त्या म्हणाल्या, "बंद नोको करू. पोरीचे दोन वर्सं रायले. कमी कर."

हे मला सुचलंच नसतं. माझ्याकडे दोनच बटणं होती, चालू आणि बंद. त्यांच्याकडे तिसरं होतं.

मग चुलीपुढं बसून त्यांनीच नियम ठरवले, मी फक्त लिहून घेतले. तंबू बंद. एका वेळी एकच कुटुंब, जास्तीत जास्त चार माणसं. आंघोळीला एक बादली. शॉवर काकूंनी स्वतः पान्यानं काढला आणि पाइपाला बूच मारलं. होळी झाली की मुक्काम बंद, ते थेट पावसाळा लागेपर्यंत. मोटर चालवायची ती शेजारच्या घरांचं पाणी भरून झाल्यावर. आणि आजीची खोली आजीला परत. पाहुण्यांना दुसरी.

साइटवरून नाव काढलं. मॅपवरची पिनही काढली. आता पाहुणे येतात ते ओळखीनं, खव्यासारखे.

खोटं नाही सांगत, उत्पन्न निम्म्याच्या खाली आलं. फी भरायला गेल्या वर्षी काकांनी मिठाईवाल्याकडून आगाऊ रक्कम उचलली. थोडी मी दिली. ती मदत म्हणून नाही, दोन म्हशींची भरपाई म्हणून. त्यांनी ती उधार म्हणूनच घेतली, आणि दर महिन्याला थोडी थोडी फेडतायत. मी नको म्हणतो, ते ऐकत नाहीत. सगळं छान झालं, असं काही नाहीये. शेजारच्या चारपैकी तीन घरच्या बाया पाण्याला परत येतात. एका घरच्या अजून येत नाहीत.

तर मंडळी, तुम्ही म्हणाल, मग जायचं की नाही डोंगरावर? जा. नक्की जा. माझी झोप मला तिथे परत मिळाली, मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? पण काही गोष्टी पाहून जा.

एक. खरा होमस्टे तोच जिथे घरचे लोक त्याच घरात राहतात. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही अट हीच आहे. मालक कुटुंबासह तिथेच राहायला हवा, आणि खोल्या एक ते सहा, त्याहून जास्त नाही. आपल्या राज्यातही निवास व न्याहारीची योजना आहे. तुमच्या गावात कुणाला खोली द्यायची असेल तर आधी ती बघा.

दोन. जायच्या आधी फोनवर विचारा, पाण्याचं कसं आहे? नेटवर्क आहे का, हे आपण विचारतोच. हेही विचारा. मे महिन्यात पठारावर मुक्काम टाळा. पावसाळ्यानंतर जा, थंडीत जा.

तीन. जे शिजेल ते खा. चुलीवर भाकर असताना पनीर मागू नका. आणि खवा, रबडी, मोथ्याकडची स्ट्रॉबेरी, चिखलदऱ्याची कॉफी, तिथून विकत घेऊन या. खोलीपेक्षा तो पैसा जास्त घरांत जातो.

चार. स्पीकर घरी ठेवा. तुम्ही शांततेचे पैसे दिलेत ना? मग ती वापरा.

आणि पाच. जागा आवडली तर मालकाला विचारल्याशिवाय पिन टाकू नका. आणि मालक हो म्हणाला तरी विहिरीत एकदा वाकून बघा.

गेल्या डिसेंबरात परत गेलो होतो. आजी आपल्या खाटेवर उन्हात बसली होती. मला म्हणाली, "त्या वक्ताले उशीखाली पैसे ठेवून गेला होता ना तू? म्या उंदरानं आनले समजून देवाजवळ ठेवले." (हसतो) दोन वर्षं ते चार हजार देवघरात होते. कुणी हात लावला नव्हता.

मी तिला म्हटलं, आजी, ते खोलीचं भाडं होतं.

म्हणाली, "खोलीचं कायचं भाडं? झोप आली ना तुले?"

आली, आजी.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाकडे असं काही घडलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, ऐकतो मी सगळ्या. फक्त त्या गावाचं नाव विचारू नका. भेटू पुढच्या भागात. राम राम!